कारणाच्या रकान्यात काय लिहायचे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाची बैठक म्हणून तुम्ही आलात आणि आम्ही बोलायला उभे राहिलो गांजा, अफू आणि दारूवर. मागे तरुण मंडळींत हसू झाले ते ऐकू आले. हसा, हरकत नाही. पण मागच्या दोन-तीन वर्षांत गावोगावच्या बैठकांत आम्हाला तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. पहिला तरुणांचा: "परदेशात गांजाची औषधे होतात, आपल्याला परवानगी का नाही? कापसापेक्षा तरी परवडेल." दुसरा म्हाताऱ्यांचा: "कॅन्सरचे दुखणे सोसवत नाही, डॉक्टर म्हणतो तालुक्याला औषध मिळत नाही." तिसरा मायबहिणींचा आणि तो सर्वांत जड: "माझा मालक कर्जापायी गेला आणि कागदावर लिहिले, दारूपायी."

हे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. नशेच्या वस्तूविषयी खरे काय ते कोण ठरवतो, कसे ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो? आमचे शिक्षण शेतकीचे, डॉक्टरकीचे नाही. तेव्हा औषध सांगायला उभे नाही. पण प्रयोग कसा करतात, आकडा कुठून येतो आणि तो कुठे खोटा पडतो, एवढे शेतकी कॉलेजाने आम्हाला शिकवले. तेवढ्याच शिदोरीवर बोलतो.

वेड्यांच्या इस्पितळातला रकाना

गोष्ट १८९३ सालची. विलायतेच्या पार्लमेंटात केन नावाच्या दारूबंदीवाल्या सभासदाने प्रश्न केला की हिंदुस्थानात गांजामुळे लोक वेडे होतात म्हणतात, त्याची चौकशी करा. सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, सभासद सात, त्यांत तीन हिंदी. आयोग प्रांतोप्रांती फिरला, ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला.

सगळ्यांचा हवाला होता वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदींवर. तिथल्या दफ्तरात एक रकाना असे: वेडाचे कारण. त्यात जागोजागी 'गांजा' लिहिलेले. आयोगाने विचारले, हे लिहिले कोणी? तेव्हा उलगडा झाला. रोग्याबरोबर जो कागद येई तो बहुधा पोलिसाने भरलेला. रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. घरचे माणूस बरोबर नसे. मग कोणी म्हणे हा गांजा ओढायचा, की झाले कारण. इस्पितळातला कारकून तेच उतरवून घेई, वर्षाअखेर त्याची बेरीज होई आणि बेरजेचे शास्त्र होई.

आयोगाने १८९२ सालच्या १३४४ रोग्यांचे कागद पुन्हा तपासले. ज्यांच्या वेडाचा गांजा-भांगेशी काही संबंध लावता येईल असे निघाले ९८. म्हणजे शंभरात सात. त्यातही काहींना दुसरी कारणे होतीच. आयोगाने गांजा निर्दोष आहे असे म्हटले नाही. अति सेवन शरीराला आणि मनाला घातक आहे, हे स्पष्ट लिहिले. पण बेताने घेणाऱ्यांत म्हणण्यासारखा अपाय दिसत नाही, बंदी नको, कर आणि परवाना ठेवा, असा निकाल दिला. सरकारला कराचे उत्पन्न हवे होते, हेही विसरू नका. तरीही कागद कोणी भरला हे विचारण्याची शिस्त त्या आयोगाने दाखवली. सव्वाशे वर्षांनंतर ती शिस्त आपल्याला का लागते, ते आता सांगतो.

आपल्या घरातला रकाना

शेतकऱ्याने जीव दिला की तलाठी येतो, पोलीस येतो, पंचनामा होतो. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते आणि तिथे दोन गठ्ठे होतात, पात्र आणि अपात्र. सात-बारा नावावर हवा, कर्ज मान्य संस्थेचे हवे, वसुलीचा तगादा हवा. पात्र झाला तर लाख रुपये. अपात्र झाला तर मेलेल्या माणसावर शिक्का.

एका घरी आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो होतो. कोरडवाहू पाच एकर, सोसायटीचे कर्ज थकलेले, सावकाराचे वेगळे, दोन वेळा पेरणी मोडलेली. गावातल्या कोणीतरी सांगितले की अलीकडे तो प्यायचा. कागदावर लिहिले गेले: व्यसनाधीनता. कोणी डॉक्टरला विचारले नाही, कोणी त्याच्या बायकोला विचारले नाही. ती आम्हाला म्हणाली, "भाऊ, प्यायचा ते खरे. पण बँकेची नोटीस आली त्या महिन्यापासून." आता सांगा, रकान्यात काय लिहायचे? दारू आधी की नोटीस आधी?

देशाच्या आकड्यांचेही तेच. केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाचा २०१४ चा अहवाल सांगतो, शेतकऱ्यांच्या शंभर आत्महत्यांत कर्जापायी सुमारे २१. २०१५ चा अहवाल सांगतो, सुमारे ३९. एका वर्षात कर्जाने एवढी उडी मारली की नोंदीने, हा प्रश्न शाळेतले पोरसुद्धा विचारील. आकडे पोलीस ठाण्यातून निघतात आणि ठाण्यातल्या माणसाला एकच रकाना भरायचा असतो. माणूस मात्र एका कारणाने मरत नाही. कर्ज, आजार, पोरीचे लग्न, पावसाचा खंड आणि दारू हे एकाच दोरीचे पीळ आहेत.

म्हणून दारूचा दोष झाकायला आम्ही उभे नाही. मायबहिणी समोर बसल्या आहेत, त्यांच्यापुढे ते धाडस कोण करील? दिल्लीच्या एम्सने सर्व राज्यांत पाहणी करून २०१९ मध्ये अहवाल दिला. १० ते ७५ वयाच्या माणसांत शंभरात १४ ते १५ जण दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी. त्यांतल्या ५ कोटी ७० लाखांना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे. भांग, गांजा, चरस मिळून ३ कोटी १० लाख आणि मदतीची गरज असलेले ७२ लाख. पुढचा आकडा लक्षात ठेवा: दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकाला कसलातरी उपचार मिळतो. बाकीच्या ३७ जणांना काय मिळते? आधी गावाची टिंगल आणि मेल्यावर तो रकाना.

दारू सुटायला नुसता निश्चय पुरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत थरकाप, भ्रम, फेफरे येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. तेव्हा देवळात शपथ घालून खोलीत कोंडू नका, दवाखान्यात न्या. हा आजार आहे, त्याला औषधे आहेत. आणि ज्या घरात कोणी गप्प गप्प झाला असेल, जगण्यात राम नाही म्हणत असेल, तिथे वाट पाहू नका. सरकारचा १४४१६ हा फोन मन मोकळे करण्यासाठी आहे, १४४४६ व्यसनासाठी. पैसे पडत नाहीत. भिंतीवर लिहून ठेवा.

एक प्लॉट म्हणजे प्रयोग नव्हे

आता गांजाच्या औषधाकडे. हा शोध साहेबाच्या देशात लागला असे वर्तमानपत्रे लिहितात. खरी गोष्ट अशी की नव्या पद्धतीने या झाडाची परीक्षा पहिल्यांदा झाली ती आपल्या कलकत्त्यात. मेडिकल कॉलेजातल्या ओशॉनेसी नावाच्या डॉक्टराने १८३९ मध्ये निबंध वाचला. त्याने वैद्य-हकिमांना विचारले, आधी जनावरांवर मात्रा पाहिल्या, मग धनुर्वात, संधिवात, पटकीच्या रोग्यांना दिल्या. गुण आला तो लिहिला आणि सतत घेतल्याने भ्रम होतो तेही लिहिले. पुढे त्याने अवघ्या चाळीस दिवसांच्या बाळाचे झटके या औषधाने थांबल्याची नोंदही केली.

पण एका बाळावरून औषध ठरते का? आपल्याला यातले चांगले कळते. बियाण्याची कंपनी सडकेच्या कडेला प्लॉट दाखवते. काळी जमीन, विहिरीचे पाणी, दुप्पट खत, आणि पाटी लावते: एकरी पंधरा क्विंटल. आपण विचारतो, शेजारी जुन्या वाणाचा वाफा कुठे आहे? त्याच जमिनीत, त्याच पावसात, त्याच खतावर? तो नसेल तर प्लॉट ही जाहिरात. औषधाचेही असेच. काही रोग्यांना औषध, काहींना दिसायला तसेच पण बिनऔषधाचे, आणि कोणाला काय दिले हे रोग्यालाही माहीत नाही, डॉक्टरालाही नाही. मग मोजणी.

अशी मोजणी गांजाच्या एका अंशावर झाली. झाडात अनेक द्रव्ये आहेत. नशा आणते ते टीएचसी, ते १९६४ मध्ये इस्रायलच्या मेशुलाम आणि गाओनी यांनी वेगळे काढले. दुसरे सीबीडी, त्याची नशा चढत नाही. ड्राव्हे नावाचा मिरगीचा फार वाईट प्रकार लहान मुलांना होतो, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. अशा १२० मुलांवर आणि तरुणांवर प्रयोग झाला, २०१७ मध्ये छापून आला. ६१ जणांना सीबीडी, ५९ जणांना बिनऔषधाचा रस. औषधवाल्यांचे महिन्याचे झटके मधल्या मापाने १२ वरून ६ वर आले. दुसऱ्यांचे १५ वरून १४. हा फरक औषधाचा. त्याबरोबर ओकाऱ्या, सुस्ती, यकृताच्या तपासणीत बिघाड हेही आढळले आणि छापले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेने त्या औषधाला मान्यता दिली.

अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये तोवरचे दहा हजारांवर निबंध चाळून ताळेबंद मांडला. जुनाट दुखणे, कॅन्सरच्या औषधाने होणाऱ्या ओकाऱ्या आणि एका मज्जारोगातला स्नायूंचा ताठरपणा, एवढ्या तीन ठिकाणी भक्कम पुरावा. बाकी पुष्कळ ठिकाणी अपुरा. कॅन्सर बरा होतो, साखर जाते, असे दुकानदार सांगतो, शास्त्र सांगत नाही. आणि खर्चाची बाजू: ओढणाऱ्यांत मनाचे गंभीर आजार वाढतात, गाडी चालवताना अपघात वाढतात, गरोदर बाई ओढत असेल तर बाळ वजनाने कमी होते. दहातला एक त्याच्या आहारी जातो, पोरवयात सुरू केले तर सहातला एक.

यात विचित्र काही नाही. कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली तर जनावर मरते आणि तीच ज्वारी पोटरीतून बाहेर पडली, निसवली, पिकली की तिचा कडबा वर्षभर गोठा जगवतो. झाड एकच. वेळ, अंश आणि मात्रा वेगळी. ज्वारी देवता नाही आणि राक्षसीणही नाही. गांजाचेही तसेच.

अफू आपली, कळा आपल्या

आता म्हाताऱ्यांच्या प्रश्नाचे. अफूपासून मॉर्फिन होते आणि कॅन्सरच्या शेवटच्या कळांवर त्यासारखे स्वस्त औषध दुसरे नाही. अफू पिकते कुठे? मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला, राजस्थानात, उत्तर प्रदेशात. आपल्यासारखेच शेतकरी, सरकारी परवान्यावर. आपल्या देशातून अफू औषधासाठी परदेशी जात राहिली. आणि देशातल्या रोग्याला?

१९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा झाला. तस्करांसाठी केला, पण मॉर्फिन ठेवायला इस्पितळाला इतके परवाने, इतकी खाती की बहुतेकांनी ते ठेवणेच सोडले. डॉक्टरांची एक पिढी मॉर्फिन न हाताळताच तयार झाली. तस्कर काही थांबला नाही, रोग्याचे औषध तेवढे थांबले. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह सहा औषधे आवश्यक ठरवली गेली आणि मान्यतेची रीत सुटसुटीत झाली. कायदा बदलून बरीच वर्षे झाली, पण तालुक्याच्या म्हाताऱ्यापर्यंत तो पोचलेला नाही. लायसन्स-परमिटचे राज्य आपण कापसात भोगले, साखरेत भोगले. मरणाच्या खाटेवरही ते येऊन बसते, हे यातून शिकायचे.

तरुणांना उत्तर

आता परवानगीचे. आधी कायदा नीट समजून घ्या, कारण यात पोरे आयुष्यातून उठतात. कापसात किंवा तुरीच्या ओळींत चार झाडे लपवली की कोणाला दिसणार, असे वाटते. गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. बटाईने दिलेल्या शेतात दुसऱ्याने लावला आणि ते कळूनही तुम्ही पोलिसाला कळवले नाही, तर जमीनमालकही गुन्हेगार. पैसे देतो म्हणणारा दलाल मात्र त्या दिवशी गावात नसतो.

कायद्यात तंतू आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची वाट ठेवली आहे. उत्तराखंडाने २०१८ पासून परवाने दिले, पण नशेचा अंश ०.३ टक्क्याच्या आत असेल तर. जम्मूच्या केंद्रीय संस्थेत औषधासाठी संशोधन चालते. हिमाचलने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांना चाचणी लागवडीचा अभ्यास सोपवला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. २०२१ मध्ये त्याच्या बिया आणि बियांचे तेल खाद्य म्हणून मान्य झाले. एक खुलासा: पेपरात 'हेम्प' वाचून आपल्या तागाशी गल्लत करू नका. ताग वेगळा, शेंगवर्गी, तो हिरवळीला खुशाल पेरा.

दार किलकिले होते आहे हे खरे. पण दार उघडले म्हणजे घर आपले झाले का? १९१७ मध्ये बंगालात नवगावच्या गांजा उत्पादकांनी सहकारी सोसायटी काढली. परवाना सरकारचा, गोदामावर पहारा सरकारचा, कर सरकारचा. पुढे तो मुलूख बांगलादेशात गेला आणि १९८७ मध्ये लागवडच बंद झाली. अफूवाल्या भावांना विचारा. सरकारने ठरवलेला किमान उतारा दिला नाही तर पुढच्या वर्षी परवाना गेला. गारपीट झाली तर तिचा पंचनामा आधी, नाहीतर तुम्हीच चोर. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला, शेतकरी धावले, माल उदंड झाला, भाव कोसळले आणि जून २०२५ मध्ये सरकारने पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. नियम बदलतो सरकार, बुडतो पेरणारा.

आणि आपली आठवण एवढी आखूड आहे का? सफेद मुसळी आठवा. जट्रोफा आठवा. ईमू आठवा. रोपे विकणारे श्रीमंत झाले, माल परत घेऊ म्हणणाऱ्यांच्या कचेऱ्यांना कुलपे लागली. उद्या कोणी सुटातला माणूस येईल आणि म्हणेल, बिनपाण्याचे, बिनफवारणीचे पीक, बी आमच्याकडून घ्या. त्याला एकच विचारा: शेजारचा वाफा कुठे आहे?

आपण काय मागायचे

एक. आत्महत्येच्या कागदावर डॉक्टरी पुराव्याशिवाय 'व्यसन' लिहू नये. पुरावा असला तरी तेवढ्यावर कुटुंब अपात्र ठरू नये. घरच्या बाईचा जबाब घेतल्याशिवाय कागद पुढे जाऊ नये. आपल्या प्रत्येक गावशाखेने पहिल्या तीन दिवसांत कर्जाचे, पेरणीचे, नोटिशीचे कागद स्वतः गोळा करून समितीपुढे ठेवावेत.

दोन. दारूच्या करातून सरकार हजारो कोटी घेते. त्या पैशातून आधी तालुक्याला उपचार द्यावा. ज्या गावातल्या बायांनी आडव्या बाटलीला मत दिले, तिथे दुकान बंद झाल्यावर पिणाऱ्यांच्या उपचाराची जबाबदारीही सरकारचीच.

तीन. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या सरकारी इस्पितळात मॉर्फिन आणि ते देता येणारा डॉक्टर असावा. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक तालुक्याने आपल्या इस्पितळात विचारून उत्तर लेखी आणावे.

चार. गांजाची चाचणी करायची तर आपल्या कृषी विद्यापीठांनी स्वतःच्या खर्चाने, कोरडवाहू जमिनीत करावी आणि तोट्याचा हिशेबही छापावा. तोवर एकाही शेतकऱ्याने बी हाती घेऊ नये.

शेवटी एक सांगतो. गांजाची परवानगी मागणारा पोरगा नशेबाज नसतो. त्याने कापसाचा हिशेब मांडलेला असतो आणि तो तोट्याचा निघालेला असतो. त्याला गांजा नको आहे, भाव हवा आहे. कापसाला आणि ज्वारीला उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव मिळाला, तर हा अर्ज तो आपल्या हाताने फाडील. आणि तो भाव मिळाला नाही, तर आणखी घरांतले आणखी रकाने भरले जातील. ते दुसऱ्याला भरू द्यायचे नाहीत. आपल्या माणसाचे कारण आपणच लिहायचे, खरे लिहायचे.